‘आपण समाजकार्यात का येऊ इच्छिता?’ : एका प्रश्नाची समीक्षा

दलित आत्मकथनांवर गेली चार-साडेचार दशके आपण भरपूर लिहिले. चर्चासत्रे झाली, प्रबंध झाले, त्या प्रबंधांवर पदोन्नत्याही झाल्या. पण आज आपल्या वस्त्यांतली मुले-मुली मोठ्या संख्येने जे आत्मकथन लिहीत आहेत, त्याच्याकडे समीक्षकाचे लक्ष अजून गेलेले नाही. ते छापले जात नाही. त्याला प्रकाशक नसतो. वाचक असतात तीन किंवा चार, आणि तेही मेजापलीकडे बसलेले. लांबी तीनशे शब्द, फार तर पाचशे. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मागताना जो मजकूर लिहून द्यावा लागतो त्याविषयी मी बोलतो आहे. मुले त्याला ‘एस. ओ. पी.’ म्हणतात, आपण हेतुनिवेदन म्हणू. जिथे ते लेखी मागत नाहीत तिथे मुलाखतीत तोंडी द्यावे लागते, एवढाच फरक.

माझ्या महाविद्यालयातून दरवर्षी काही मुले हा अर्ज भरतात आणि भरण्याआधी मजकूर मला दाखवतात. मी मराठी शिकवतो, समाजकार्य नव्हे. पण घरात माझ्याआधी कुणी पदवीधर नव्हते, म्हणून असे अर्ज भरण्याचे शिक्षण मला खाजखळगे मोजीत घ्यावे लागले, आणि ते मुलांना उपयोगी पडेल असे त्यांना वाटते. त्यामुळे या वाङ्मयप्रकाराचा बराच साठा माझ्या वाचनात आला आहे. त्याची समीक्षा करण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो. अपराधातला माझा वाटाही पुढे येईलच.

यातला एकच मजकूर घेऊ. लिहिणारी मुलगी मराठवाड्यातल्या एका खेड्यातली, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला. पहिला खर्डा तिने वहीच्या पानावर मराठीत लिहिला होता. त्यात काय होते? गावात जयंतीच्या मिरवणुकीच्या रस्त्यावरून मारहाण झाली तेव्हा फिर्याद लिहायला वस्तीत कुणी नव्हते, ती हिने लिहिली. ठाण्यात गुन्हा ॲट्रॉसिटीच्या कलमांखाली नोंदवून घेत नव्हते, तेव्हा १९८९ च्या कायद्याची छापील प्रत घेऊन हीच दारात बसली. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, हे तिला तेव्हाच कळले. चुलतीचा नवरा वारल्यावर संजय गांधी निराधार योजनेच्या कागदांसाठी ती तहसिलीत सात खेपा गेली. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, मृत्यूची नोंद. कोणता कागद कोणत्या टेबलावर अडतो याचे तिने केलेले वर्णन मी वाचलेल्या कितीतरी कथांपेक्षा सरस होते. आणि शेवटी तिने लिहिले होते की समाजकार्य आम्ही आधीपासूनच करतो आहोत, मला ते नीट शिकायचे आहे.

दुसरा खर्डा दोन आठवड्यांनी आला. मधल्या काळात तिने मार्गदर्शन वर्गाची एक चोपडी मिळवली होती. आता मजकूर इंग्रजीत होता आणि त्यात ‘वंचित घटक’, ‘सक्षमीकरण’, ‘संवेदनशीलता’ हे सगळे पाहुणे येऊन बसले होते. मारहाण गेली होती, तिच्या जागी ‘सामाजिक विषमता’ आली होती. तहसिलीच्या सात खेपा गेल्या, ‘शासकीय योजनांची अंमलबजावणी’ आली. चुलती ‘लाभार्थी’ झाली होती.

इथे समीक्षकाने थांबून सर्वनामे पाहावीत. पहिल्या खर्ड्यात ‘आम्ही’ होते, दुसऱ्यात ‘मी’ आणि ‘ते’. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ‘आपण’मध्ये ऐकणारा सामावतो, ‘आम्ही’मध्ये तो बाहेर राहतो. इंग्रजीला हा भेद करता येत नाही. पहिल्या खर्ड्यातले ‘आम्ही’ हे समितीला बाहेर ठेवणारे होते. यात उद्धटपणा नव्हता, वस्तुस्थिती होती. ज्यांनी फिर्याद लिहिली ते आम्ही, ज्यांना ती वाचायची आहे ते तुम्ही. दुसऱ्या खर्ड्यात तिने रेघ मिटवली नाही, फक्त स्वतः ती ओलांडून समितीच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिथून स्वतःच्या चुलतीकडे बोट दाखवून ‘ते’ म्हणाली. हे तिला कुणी सांगितले? कुणीच नाही. प्रश्नानेच सांगितले.

‘आपण समाजकार्यात का येऊ इच्छिता?’ हा प्रश्न निरुपद्रवी दिसतो. पण ‘येणे’ या क्रियापदात एक वाट गृहीत धरलेली असते. येणारा कुठून तरी बाहेरून येतो. त्याला न येण्याची मुभा असते, म्हणून तर ‘का’ असे विचारता येते. डॉक्टरच्या मुलीने हे उत्तर दिले तर ते त्याग ठरते, निवड ठरते. आपल्या मुलीला न येण्याची मुभाच नव्हती. मारहाण झाली त्या रात्री तिला कुणी हेतू विचारला नाही. तिच्याकडे हेतू नाही, प्रसंग आहेत. आणि प्रसंगांना अर्जात रकाना नसतो.

नाही म्हणायला ‘अनुभव’ नावाचा रकाना असतो. पण तिथे नोंदणीकृत संस्थेचे नाव, कालावधी आणि प्रमाणपत्र लागते. शहरातल्या एखाद्या संस्थेत सुटीचे तीन आठवडे मुलांना चित्रे काढायला शिकवली, तर तो अनुभव. जयंती समितीचे काम हा अनुभव नव्हे. वस्तीतल्या बुद्धविहारात रात्रीची अभ्यासिका चालवली, तर विहाराकडे शिक्का नसतो. माझ्या मते या अर्जातला खरा जातिभेद मुलाखतीच्या खोलीत नंतर होतो, आधी तो या रकान्यात होतो, आणि तो करताना कुणाच्या मनात वाईट काही असावेच लागत नाही.

याच्या उलट बाजूचा अनुभवही मुले सांगतात. एका ठिकाणी मुलाखतीत एका मुलाला विचारले गेले की तुम्हाला स्वतःला जातीचा काही अनुभव आला आहे का, जरा सविस्तर सांगा. त्याने सांगितला. सांगताना आवाज चढला. मग विचारले गेले की एवढे गुंतलेले असताना तुम्ही वस्तुनिष्ठ कसे राहाल? म्हणजे जखम दाखवली पाहिजे, पण ती दुखता कामा नये. केसवर्क या पद्धतीत कार्यकर्ता समोरच्या माणसाची हकीकत टिपून घेतो, तिला ‘केस’ म्हणतात. आपल्या मुलाकडून अशी अपेक्षा आहे की त्याने केसही व्हावे आणि ती केस लिहून घेणारा कार्यकर्ताही व्हावे, आणि हे दोघे एकमेकांना ओळखत नाहीत असा चेहरा ठेवावा.

दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) असेच दुभंगलेपण आहे. तिथे दगडू मारुती पवार आपली हकीकत शिकलेल्या दया पवारला सांगतो. पण तो सांगतो स्वतःलाच. समोर बसलेला त्याच्या रक्ताचा आहे आणि ऐकून त्यालाही लाज वाटते, रागही येतो. ऐकणाराही त्यात भाजून निघतो, म्हणून ते साहित्य झाले. हेतुनिवेदनात ऐकणारा भाजत नाही, तो गुण देतो. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या पुस्तकाच्या नावातच सर्वनाम आहे. ते ‘माझं’ नाही. तीनशे शब्दांच्या अर्जात त्या ‘आमुचं’ला जागा कुठे करून द्यायची?

हा प्रश्न असा का घडला, हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागेल. आपल्याकडे समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण सुरू झाले ते १९३६ मध्ये मुंबईत, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या नावाने. तीच पुढे १९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी. ते आधी नागपाड्यात ‘नेबरहुड हाउस’ चालवीत होते. शिकलेल्या माणसाने गरीब वस्तीत जाऊन राहावे, तिथे वाचनालय, दवाखाना, वर्ग चालवावेत, अशी ती कल्पना. शिकागोत जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये स्थापन केलेल्या हल हाउसच्या परंपरेतली. ती वाईट होती असे मी म्हणणार नाही. नागपाड्यात त्या काळी दुसरे कोण येत होते? पण तिच्या मुळातच वस्तीत येणारा आणि वस्तीत असणारा असे दोन वेगळे मानव धरलेले आहेत. नागपाड्याला लागूनच कामाठीपुरा. त्याच भागातल्या गोलपिठ्याने नामदेव ढसाळ दिला. तो वस्तीत आला नव्हता, वस्तीत होता. १९७२ मध्ये त्याने ‘गोलपिठा’ लिहिला आणि त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. त्या पोरांनी केलेल्या कामाला समाजकार्याच्या पाठ्यपुस्तकात काय नाव आहे, हे जाणकारांनी सांगावे.

त्याही आधी बाबासाहेबांनी हा वाद नेमक्या शब्दांत मांडला होता. पुणे करारानंतर स्थापन झालेल्या अस्पृश्यता निवारक संघाचे (पुढचा हरिजन सेवक संघ) चिटणीस अमृतलाल ठक्कर यांना त्यांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी विलायतेला जाताना बोटीवरून पत्र लिहिले. समाजकार्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यात वाचावे असे ते पत्र आहे. माणसाची दुर्दशा त्याच्या व्यक्तिगत दुर्गुणांतून येते असे मानले की दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालये, सहकार असा कार्यक्रम निघतो. ती परिस्थितीतून येते असे मानले की पाणवठे, शाळा, चावडी, वाहने यांवरील हक्कांचा लढा आणि रोजगारात समान संधी हा कार्यक्रम निघतो. बाबासाहेबांनी दुसऱ्या बाजूने कौल दिला आणि या कामासाठी कार्यकर्ते अस्पृश्यांतूनच घ्यावेत असे सुचवले. जिव्हाळा असेल तोच सेवा करू शकतो, या टॉलस्टॉयच्या विचाराचा त्यांनी आधार घेतला. भाडोत्री माणसाला एक काम काय आणि दुसरे काय.

म्हणजे आमच्या मुलीच्या पहिल्या खर्ड्यात जे होते, ती तिची कच्ची बाजू नव्हती. बाबासाहेबांच्या कसोटीने तीच तिची पात्रता होती. गुंतलेले असणे हा दोष नव्हे, ती अट आहे.

त्या पत्राचे काय झाले? त्याची साधी पोचही मिळाली नाही, असे बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. पुढे संघाच्या कार्यकारिणीत अस्पृश्यांना घ्यावे अशी मागणी झाली तेव्हा गांधीजींचे उत्तर असे की हे हिंदूंचे प्रायश्चित्त आहे, कारभार त्यांनीच करावा. प्रायश्चित्त घेणाऱ्याला समोर कुणीतरी पीडित लागतो. सहकारी लागत नाही. ‘का येऊ इच्छिता’ या प्रश्नाचे आजोळ मला तिथे दिसते.

आता माझा वाटा. दुसरा खर्डा वाचून मी काय केले? मी तो सुधारला. इंग्रजी दुरुस्त केले. मारहाणीचे एक अर्धे वाक्य उरले होते, ‘यावरून पोलिसांविषयी पूर्वग्रह आहे असे वाटेल’ म्हणून तेही काढायला सांगितले. तिने विचारले, ‘सर, पण ते झालंय ना?’ मी म्हणालो, झालंय, पण एकदा प्रवेश मिळू दे, मग बोल. आणि दुसऱ्या दिवशी तासावर मी ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या भाषणामागची हकीकत सांगत होतो. १९३६ सालीच लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले, छापील भाषण आधी वाचले, काही भाग गाळावा अशी इच्छा दाखवली, आणि बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवून ते अधिवेशन सोडून दिले. त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. मुलगी पहिल्या बाकावर बसली होती. ती काही बोलली नाही. मला घाम फुटला हे खरे.

मात्र इथे स्वतःला झोडून घेण्यात अर्थ नाही. बाबासाहेब अधिवेशन सोडू शकत होते, आमची मुलगी प्रवेश सोडू शकत नाही. तत्त्व आणि पोट यांचा हा जुना झगडा आहे, आणि प्रत्येक वेळी वाकल्याबद्दल दलित मुलालाच लाज वाटावी, ज्याने वाकवले त्याला नव्हे, हे मला मान्य नाही.

अर्ज गेल्यानंतर सुरू होते ते थांबणे. याच्याविषयी कुणी लिहीत नाही, कारण त्यात काही घडत नाही. पण थांबणेसुद्धा सर्वांचे सारखे नसते. ज्याच्याकडे पैसे आहेत तो पाच ठिकाणी अर्ज करून थांबतो. आमची मुले एका, फार तर दोन ठिकाणी, कारण प्रत्येक अर्जाला शुल्क आहे आणि बोलावणे आले तर गाडीभाडे. परीक्षा संपली की वसतिगृहाची खोली सोडावी लागते. मग तुम्ही विद्यार्थी नसता आणि नोकरदारही नसता. गावी गेल्यावर फोनला रेंज येण्यासाठी शाळेच्या ओट्यावर जाऊन बसायचे. पहिली यादी, दुसरी यादी, प्रतीक्षा यादी. घरचे विचारतात, ‘लागला का नंबर?’ तोवर पेरणी येते. मुलीच्या बाबतीत थांबण्याला आणखी एक मुदत असते, ती पाहुणे घालतात. यादी जूनच्या अखेरीला लागणार असते आणि स्थळ मेमध्येच आलेले असते.

नाव लागले तरी थांबणे संपत नाही. शिष्यवृत्तीसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. ज्याचे उत्पन्न त्याच्या आत आहे, त्याने प्रवेशाच्या वेळी भरायचे पैसे आणायचे कोठून? शिष्यवृत्तीची रक्कम सवडीने येते, संस्थेची पावती आजची असते. टाटा संस्थेत भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्यांची शुल्कमाफी काढून घेतली गेली तेव्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबई, तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटी या चारही ठिकाणचे विद्यार्थी संपावर गेले. समाजकार्य शिकवणाऱ्या संस्थेत ‘लाभार्थी’ स्वतः बोलू लागले, ही त्या संपाची माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट. त्याच संस्थेत समाजकार्यात दलित आणि आदिवासी अभ्यास व कृती असा स्वतंत्र अभ्यासक्रम उभा राहिला, हेही नोंदवले पाहिजे. भिंतीच्या आत आपली माणसे झगडली म्हणूनच तो आला.

थांबण्याचा शेवट कसा होतो यावर मला नेहमी कुमुद पावडे आठवतात. संस्कृत घेऊन एम. ए. झालेल्या कुमुद सोमकुवरांना प्राध्यापकी मिळाली नाही. लग्नानंतर पावडे हे सवर्ण आडनाव लागले आणि मिळाली. ते श्रेय कुणाचे, हे त्यांनीच ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) परखडपणे लिहून ठेवले. माणूस तोच, पदवी तीच, अर्जावरचे नाव बदलले. आमच्या मुलीच्या दोन खर्ड्यांतही माणूस तोच होता, भाषा बदलली.

काही मित्र म्हणतात, आता हा प्रश्नच निकालात निघाला. टाटा संस्थेने २०२३ पासून पदव्युत्तर प्रवेशासाठी केंद्रीय सीयूईटी-पीजी परीक्षेचे गुण धरायला सुरुवात केली. वस्तुनिष्ठ प्रश्न, चार पर्याय, एक बरोबर. तुमच्या मुलीला सर्वनामांची चिंता नको. या युक्तिवादात तथ्य आहे. संगणक जखम दाखवायला सांगत नाही आणि आवाज चढला म्हणून गुणही कापत नाही. पण या परीक्षेचे पेपर, भाषाविषय सोडले तर, इंग्रजी आणि हिंदीत असतात. मराठी माध्यमातून आलेली मुलगी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक कुठे वापरणार? हेतुनिवेदनात निदान तीनशे शब्दांची जागा होती. ती आपण वाईट वापरली हे खरे, पण जागा होती. मला विचाराल तर ती राहावी. बदलायचा तो प्रश्न. ‘आपण का येऊ इच्छिता’ऐवजी ‘आपण काय केले आहे, आणि कुणाबरोबर’ असे विचारून पाहावे. पहिल्या खर्ड्यातल्या सात खेपा तिथे नेमक्या बसतात. ज्याच्याकडे सांगायला काही नाही त्याने मग हेतू सांगावा.

तो बदल होईल तेव्हा होईल. तोवर अनुभवाच्या रकान्याचे काहीतरी केले पाहिजे म्हणून या वर्षी मी एक प्रयोग केला. फिर्याद लिहिणे, दाखल्यांच्या खेपा, विहारातली अभ्यासिका, जयंती समितीचा हिशेब, ही कामे ज्या विद्यार्थ्यांनी केली त्यांची गावात जाऊन खातरजमा केली आणि महाविद्यालयाच्या पत्रावर तारखांसह प्रमाणपत्रे तयार केली. अशी अकरा निघाली. त्या मुलीचेही त्यात आहे. तिचे नाव प्रतीक्षा यादीत आहे. तिला ते पुढच्या फेरीला जोडायचे आहे. प्रमाणपत्रे सहीसाठी प्राचार्यांच्या टेबलावर गेली तेव्हा त्यांनी विचारले की हे नेमके कोणत्या उपक्रमाखाली दाखवायचे? राष्ट्रीय सेवा योजनेत ते बसत नाही म्हणाले, कारण शिबिर झालेले नाही. मी म्हणालो, बसत नसेल तर नवे शीर्षक करा. गेल्या मंगळवारी कारकुनाने जावक क्रमांक दिले आहेत. सही अजून व्हायची आहे.